आठशे मीटरवरचं हॉटेल

कोलकात्याहून परतल्यापासून अकोल्यात जो भेटेल तो मला एकच विचारतो, "मॅडम, हॉटेल कोणतं केलं होतं? जवळ पडलं का?" एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले. भूगोलाच्या बाईंनी नकाशा पाहून निवडलेलं हॉटेल म्हणजे मोक्याचंच असणार, अशी लोकांची भाबडी समजूत. मी हसून विषय बदलते. पण किती दिवस बदलणार? म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. ज्यांना कोलकात्याला जायचं आहे त्यांनी यातून घ्यायचं ते घ्यावं. माझी एखादी विद्यार्थिनी वाचत असेल तर तिने मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण मध्येच सोडलं तर बाईंची काही इज्जत राहणार नाही.

प्रवास खरं तर माझा नव्हताच, आक्काचा होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला दिलेली. वय एकाहत्तर. आमची आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या घालण्यापासून मला नवऱ्याच्या घरी पोचवण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. आक्काला एकच लेक, वैशाली. पुण्यात नोकरी करताना तिने अनिर्बाण नावाच्या बंगाली मुलाशी लग्न ठरवलं. आमचे भाऊजी माळकरी. "मासोळी शिजते त्या घरात माही लेक देनार नाही," म्हणाले आणि लग्नाला गेले नाहीत. आक्काही गेली नाही. मी तेवढी गेले होते. या गोष्टीला बारा वर्षं झाली. वैशाली कोलकात्याला राहायला गेली, तिला मुलगी झाली, ती मुलगी आठ वर्षांची झाली. दोन वर्षांपूर्वी भाऊजी वारले तेव्हा वैशाली आली, पण उतरली माझ्याकडे अकोल्याला. तेरवीपर्यंत रोज हिवरखेडला जायची आणि संध्याकाळी परत यायची. मायलेकी एकमेकींशी बोलल्या, पण ते बोलणं म्हणजे सतरंज्या कुठे ठेवल्या आणि दूध किती लागेल, एवढंच.

या वर्षी आक्काच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, होळीनंतर. डॉक्टरांनी सांगितलं, तोपर्यंत एका दमात तीनशे पावलांच्या वर चालायचं नाही. दवाखान्यातून बाहेर येताना आक्का म्हणाली, "कुंदे, गुडघे कापाच्या आंदी मले वैशूचं घर पाहाचं हाय. उद्या टेबलावर काही झालं तं तेवढं राहून जाईन."

मी म्हटलं, चल. आता आमच्या वऱ्हाडात पाहुण्याच्या गावी जाऊन लॉजवर उतरणं म्हणजे त्या पाहुण्याच्या तोंडावर मारणं. चुलत मावसभावाच्या सासुरवाडीचं घर त्या गावात असलं तरी माणूस तिथेच उतरतो. पण आक्काने ठणकावून सांगितलं, "लेकीच्या घरी उतरनार नाही. हॉटेल पाय. असं पाय, का माह्या पायानं तिच्या दारात जाता आलं पायजे, अन् नाई जमलं तं माह्याच पायानं वापस येता आलं पायजे. गाडी घेऊन कोनी मले न्यायचं नाही. बारा वर्सं मी गेली नाही. आता मले नेलं असं नको व्हाले, मी गेली असं व्हाले पायजे."

म्हणजे हॉटेल लेकीच्या दारापासून तीनशे पावलांत हवं. एवढीच अट, आणि ती मी पाळायची होती.

तीन संध्याकाळी मी मोबाइल घेऊन बसले. वैशालीची गल्ली कोलकात्याच्या उत्तर भागात, आहिरीटोला नावाच्या घाटाजवळ. तिचा पत्ता टाकला की हॉटेलांची यादी यायची आणि प्रत्येकापुढे अंतर. बाकी सगळी दोन किलोमीटर, तीन किलोमीटर. एकच निघालं आठशे मीटरवर. आठशे मीटर आक्काला जास्तच होते, पण वाटेत दोनदा कुठे टेकली की होईल, असं मी ठरवून टाकलं. फोटोत खोलीच्या खिडकीतून नदी दिसत होती. नकाशावर हॉटेल आणि वैशालीच्या घरामध्ये एक निळा पट्टा होता, तो मी पाहिला नाही असं नाही. पाहिला. पण अकोल्यात राहणारीला नदी म्हणजे मोर्णा. रिक्षा पुलावरून कधी गेली ते बोलता बोलता कळत नाही, आणि मार्चनंतर तर पुलाचीही गरज नसते. पत्त्यात हावडा लिहिलं होतं, त्याचाही उलगडा मी झटक्यात केला. लांबच्या गाडीने अमरावतीला जाणारा बडनेऱ्याला उतरतो, तसं कोलकात्याला जाणारा हावड्याला उतरतो. हावडा म्हणजे कोलकात्याचं बडनेरा, बास. हुगळी ही गंगेची वितरिका आहे आणि तिच्या काठी तागाच्या गिरण्या आहेत, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ती किती रुंद आहे हे कधी कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वैशालीला फक्त "या आठवड्यात येतोय" एवढंच कळवलं. गाडी, दिवस, हॉटेल काही सांगायचं नाही, नाहीतर ती स्टेशनवर येऊन उभी राहील, असं आक्काचं म्हणणं. त्यामुळे माझी चूक दाखवायला कोणीच उरलं नाही.

बडनेरा

गाडीचं वर्णन करत नाही, गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. फक्त बडनेऱ्याचं सांगते. अमरावतीची माझी धाकटी जाऊ फलाटावर डबे घेऊन उभी होती. गाडी थांबते पाच मिनिटं, तेवढ्यात तिने खिडकीतून तीन डबे आणि संत्र्यांची थैली आत दिली. गिला वडा वेगळा, चटणी वेगळी, पातोड्या वेगळ्या. आमच्याकडे हा रिवाजच आहे. नातेवाईक गाडीने जाणार असेल तर मधल्या स्टेशनवर डबा पोचतो, मग त्याच्याजवळ तीन दिवसांची शिदोरी असो नसो. गाडी हलली तेव्हा जाऊबाई आक्काला म्हणाल्या, "वैशूले सांगजा, आमी आठोन काढतो." आक्काने मान हलवली आणि संत्र्यांची थैली मांडीवर घेऊन बसली.

आक्काचं सामान पाहिलं असतं तर तुम्ही हसला असतात. कपड्यांची एक पिशवी, आणि ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मुगाच्या वड्या, लाल मिरच्यांचा ठेचा यांचं गाठोडं तिच्या दुप्पट. शिवाय एक दोन लिटरची स्टीलची बाटली, पाण्याची. ती बाटली तिने हमालालाही धरू दिली नाही.

बांधाघाट

दुपारी हावड्याला उतरलो. पिवळी टॅक्सी केली, ड्रायव्हर बिहारचा, अगदी सरळ माणूस. अर्ध्या तासात त्याने सलकिया भागातल्या आमच्या हॉटेलसमोर आणून सोडलं. वाटेत तो फोटोतला प्रसिद्ध पूल लागलाच नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. पुढे याचं कारण कळलं तेव्हा त्याहून जास्त वाईट वाटलं.

हॉटेल जुनं, स्वच्छ, मालकीणबाई जाड चष्म्याच्या आणि कमी बोलणाऱ्या. खोली तळमजल्यावर मिळाली, तेवढं मात्र मी आधी पक्कं केलं होतं. पडदा बाजूला केला. समोर पाणीच पाणी. त्यावर लाँच चालल्या होत्या, नावा होत्या, आणि पार पलीकडे धुरकट घरांची एक रांग.

"बाप्पा," आक्का म्हणाली, "हे तं वानच्या धरनावानी हाय." जरा वेळाने तिने विचारलं, "वैशूचं घर कोन्या बाजूले?"

मी मोबाइल काढला. निळा ठिपका आमचा. लाल खूण वैशालीची. मी मोबाइल फिरवला, स्वतः फिरले, पुन्हा मोबाइल फिरवला. लाल खूण काही केल्या पाण्याच्या अलीकडे येईना. शेवटी मी समोरच्या काठाकडे बोट केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"त्या बाजूले," मी म्हटलं. "सरळ रेषेत आठशे मीटर."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "कुंदे," ती म्हणाली, "तुह्या हाताखाली किती पोरी शिकल्या वं?"

मग दुसरं हॉटेल शोधणं, मालकीणबाईंना विचारणं, सगळं झालं. पलीकडे जवळ म्हणावं असं काही नव्हतंच. टॅक्सीने पूल ओलांडून जाता येत होतं, पण टॅक्सी म्हटलं की आक्काचा नकार तयार. मालकीणबाईंनी तुटक हिंदीत सांगितलं की हॉटेलच्या दाराबाहेरच बांधाघाट आहे आणि तिथून दर थोड्या वेळाने लाँच सुटते, ती थेट आहिरीटोल्याला लागते. माझ्या जिवात जीव आला. चार वाजून गेले होते. आक्काने नवं पातळ नेसलं, बाटली घेतली, आणि आम्ही निघालो. ती पावलं मोजत होती, मी ऐकत होते. घाटापर्यंत एकशे तीस.

लाँच ज्याला लागते तो धक्का पाण्यावर तरंगता असतो, आणि काठावरून त्याच्यापर्यंत लोखंडी पूल टाकलेला असतो. आम्ही पोचलो तेव्हा नदीचं पाणी खूप खाली होतं. त्यामुळे तो पूल शाळेतल्या घसरगुंडीइतका उतरता झाला होता. लोक सायकली धरून धडाधड उतरत होते. आक्काने एक पाऊल टाकलं, कठडा घट्ट धरला, आणि थांबली. दुसरं पाऊल टाकायला गुडघा वळेना. मी हात पुढे केला तर म्हणाली, "सोड." दोन लाँच येऊन गेल्या. मग ती मागे वळली.

चहाच्या टपरीच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. नाव दत्तबाबू, तागाच्या गिरणीतून निवृत्त. रोजची संध्याकाळ याच बाकावर काढायची, हा त्यांचा नेम. मातीच्या कुल्हडातला चहा त्यांनी न विचारता मागवला आणि हिंदीत म्हणाले, "माँ जी, अभी भाटा है. नदी नीचे गया है. पानी चढ़ेगा तो ये पुल एकदम सीधा हो जाएगा, आँगन के माफिक. आज रात को चढ़ेगा, फिर कल सबेरे नौ-साढ़े नौ बजे. तब आइए."

आक्काला हे पटेना. नदीचं पाणी सकाळी चढतं आणि संध्याकाळी उतरतं, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने मला विचारलं, "हा खरं सांगून राह्यला का?" मी म्हटलं, खरं आहे, समुद्राची भरती नदीत इतकी वर येते. "मंग तुले हे मालूम होतं?" मालूम होतं. परीक्षेला पाच मार्कांना विचारायचे मी. पण पाच मार्कांच्या त्या उत्तरावर माझ्या बहिणीचे गुडघे अवलंबून असतील, हे कुठल्या पुस्तकात होतं?

खोलीवर परतल्यावर आक्का पलंगावर बसून म्हणाली, "देवाच्या मनात नसन." हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी तिच्यासमोरच वैशालीला फोन लावला. आम्ही कुठे आहोत हे ऐकून ती आधी हसली. मग तिचा आवाज बदलला. "मावशी, तुमी बांधाघाटले? तो घाट मले गच्चीवरून दिसते. मी आत्ता टॅक्सी घेऊन येतो." इतकी वर्षं बंगालात राहून पोरीचं वऱ्हाडी जसंच्या तसं होतं. मी फोन आक्काकडे दिला. आक्काने तो दोन्ही हातांनी धरला.

"येऊ नको," ती म्हणाली. "सकाई पानी चढते म्हन्तेत. मी येतो."

आहिरीटोला

सकाळी नऊलाच आम्ही घाटावर. धुकं होतं. दत्तबाबूंनी सांगितलं तसंच झालं होतं, तो उतरता पूल जमिनीला समांतर आला होता. आक्काने कठड्याला हातही लावला नाही. लाँचमध्ये तिला बाकावर कडेची जागा मिळाली. पाण्यावरून जलकुंभीचे पुंजके चालले होते, आमच्या मोर्णेत असतात तसलेच. आक्का बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. "काल हे डाव्या हातानं येऊन राह्यले होते," ती म्हणाली, "आज उजव्या हातानं येऊन राह्यले. नदी वापस फिरली वं, कुंदे." एवढं नीट निरीक्षण माझ्या वर्गात कोणी केलं नव्हतं.

पलीकडच्या घाटावर वैशाली उभी होती, हातात लाल ओढणी घेऊन. लांबून दिसावं म्हणून ती ओढणी हलवत होती. आक्का उतरली. दोघी समोरासमोर आल्या. वैशाली वाकून पाया पडली, आक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "इथून किती हाय?"

"जवळच हाय, आई. रेल्वेचा रूळ ओलांडला का आलं."

"तू मांगून ये," आक्का म्हणाली.

घाट आणि रस्ता यांच्या मधून तिथे आगगाडीचे रूळ जातात. ते ओलांडून, फुलवाल्या बायकांच्या टोपल्या चुकवत आक्का पुढे चालली. वैशाली दोन पावलं मागे, मी तिच्या मागे. एका गल्लीच्या तोंडाशी आक्का क्षणभर थांबली. वैशालीचा हात पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला. मग हिरवं दार आलं. आक्का उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "एकशे चाळीस."

आत वैशालीची सासू होती, पांढऱ्या साडीतली, किरकोळ बांध्याची. तिने "आशुन, आशुन" म्हणत खुर्ची ओढली. नातीने, मिष्टीने, पेल्यात पाणी आणलं. आक्काने पेला घेऊन बाजूला ठेवला, स्वतःची बाटली उघडली आणि तिच्यातलं पाणी प्यायली. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत मला माहीत होती. वैशाली पदराशी चाळा करत राहिली. मिष्टी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, आमच्या घरी बी पानी हाय."

शब्द वऱ्हाडी, सूर बंगाली. आक्का नातीकडे बघतच राहिली. "तुले कोनं शिकवलं हे?" "आईनं," मिष्टी म्हणाली. आक्काने थैलीतलं संत्रं काढून सोललं, फोडीच्या शिरा एकेक करून काढल्या आणि नातीच्या हातावर ठेवल्या. पाणी मात्र तिने बाटलीतलंच घेतलं.

पुढचे तीन दिवस असेच गेले. रोज भरती पाऊण-एक तास उशिरा यायची. आमचा दिवस घड्याळावर नव्हे, नदीवर चालायचा. पाणी चढलं की पलीकडे लाल ओढणी हलायची, आक्का खिडकीत बसून वाट पाहत असायची, आणि आम्ही निघायचो. पूल फार उतरता व्हायच्या आत परतायचो. कोलकात्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे म्हणतात. मी एका दुपारी अनिर्बाणबरोबर जाऊन थोडं पाहिलं. संगमरवरी इमारत पाहिली, पुस्तकांच्या दुकानांचा रस्ता पाहिला. तो जावई इतका मऊ बोलतो की आमच्याकडच्या लोकांना वाटेल, हा आजारी आहे का. पण लक्ष माझं गल्लीतल्या हिरव्या दाराकडेच होतं.

तिथे एक गंमत झाली. ज्या मासोळीवरून एवढं रामायण घडलं, ती त्या घरात शिजत होती, नाही असं नाही. पण विहीणबाई स्वतः विधवा झाल्यापासून शाकाहारी. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, आणि त्या चुलीजवळ मासे खाल्लेल्या हाताने जायची सुनेलाही बंदी. आक्का स्वतःला फार सोवळ्याची समजायची. विहीणबाईंनी तिच्या ठेच्याच्या डब्याकडे संशयाने पाहून "लसूण?" विचारलं, कारण त्या लसूणही खात नाहीत. आक्काने चुपचाप डबा बंद केला. नंतर मला म्हणाली, "इहीनबाई तं आपल्या गावच्या कीर्तनाच्या बुवापेक्षा कडक हाय." तिच्या बोलण्यात आदर होता. एकमेकींची भाषा येत नसताना त्या दोघी त्या चुलीपाशी तासन् तास बसायच्या. तिसऱ्या दिवशी आक्काने तिथे ज्वारीच्या भाकरी थापल्या. पीठ आपलं होतं, म्हणून जेवायला हरकत नव्हती. पण पीठ भिजवायला पाणीही तिने बाटलीतलंच घेतलं, तेव्हा मला हसू आवरेना. वैशालीला आलं नाही. ती उठून गच्चीवर गेली.

त्या संध्याकाळी खोलीवर मी आक्काला धरलं. म्हटलं, "आक्का, लेकीले लेकरू झालं का रीत सुटते. आठ वर्सं झाली सुटून. आता कायले त्या पोरीले जाळून राह्यली?"

आक्का बाटली घासत होती. हात थांबले नाहीत.

"रीत कोन पाळून राह्यलं, कुंदे? तुले वाटते का मी ताठ्यात हावो. तिच्या लग्नाले तुह्या भाऊजीनं अडवलं, खरं हाय. पन मले बांधून नव्हतं ठेवलं. मी रडली अन् घरात बसली. मांडवात तिची माय नव्हती. बारा वर्सं त्या पोरीनं ते गिळलं. आता कोन्या तोंडानं तिच्या हातचं पानी पेऊ?"

इतकी वर्षं मी आक्काला हट्टी समजत आले. मला तिची फार लाज वाटली होती त्या पाण्याच्या पेल्यावरून. आता माझीच वाटली. मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि उरलेली घासून दिली. मग विचारलं, "हे वैशूले सांगितलं का?" आक्काने मान हलवली. नाही.

शेवटची सकाळ

परतीची गाडी रात्रीची होती. भरती दुपारी बाराला येणार, त्यामुळे मी निवांत होते. सातला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. न्हाणीत नाही, दाराबाहेर नाही. चपला नाहीत. मालकीणबाईंनी घाटाकडे बोट दाखवलं.

मी तशीच धावले. नदी तळाला गेलेली, पूल पहिल्या दिवसासारखा घसरगुंडी. टपरीच्या बाकावर संध्याकाळचे दत्तबाबू सकाळीच बसलेले, धापा टाकत. "माँ जी गया," ते म्हणाले. "हम बोला, भाटा है, रुकिए. नहीं रुका. बोला, हाथ पकड़ो." लाँचवरचा एक माणूस आणि दत्तबाबू, दोघांनी दोन्ही दंड धरून तिला उतरवलं होतं; पलीकडे चढवून द्यायचं लाँचवाल्याने कबूल केलं होतं. चार दिवस जिने लेकीचा हात घेतला नाही, बहिणीला "सोड" म्हटलं, तिने परक्या गावच्या दोन माणसांना आपला हात धरायला सांगितला. वाटेत दोनदा थांबली, म्हणे, पण मागे फिरली नाही.

दत्तबाबूंचे पाय धरावेत असं मला वाटलं. मी नुसता चहा मागवला, त्याचेही पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

बाकावर बसून मी पलीकडे पाहत राहिले आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात हिशेब झाला. या बाजूला एकशे तीस पावलं, त्या बाजूला एकशे चाळीस. दोनशे सत्तर. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीनशेच्या आत. मी निवडलं ते आठशे मीटर जर सरळ रस्त्याचे निघाले असते, तर ती हजारावर पावलं झाली असती, आणि आक्का निम्म्यातून परत फिरली असती. कोणाच्या तरी गाडीत बसून तिला जावं लागलं असतं, किंवा गेलीच नसती. मधलं सगळं अंतर नदीने आपल्या अंगावर घेतलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात दुसरं कुठलं हॉटेल या अटीत बसलं असतं, ते मला आजही सापडलेलं नाही. अक्कल माझी नव्हे, कृपा कोणाची ते तुम्ही ठरवा. मी त्या नदीला हात जोडले.

पलीकडच्या घाटावर कोणी ओढणी हलवत नव्हतं. फोन वाजला. वैशाली होती, आणि ती रडत होती, त्यामुळे काही वेळ मला काहीच कळेना.

"मावशी, आईनं... आईनं सगळं सांगितलं. दारातच. आत बी आली नव्हती तं." मागून मिष्टीचा आवाज येत होता, आजीला काहीतरी विचारत होती. मग आक्काने फोन घेतला. आवाज नेहमीचा, कामाचा.

"कुंदे, ये लवकर. आज जेवन वैशूच्या हातचं हाय."

मी खोलीवर आले, पातळ बदललं, केस विंचरले. टेबलावर स्टीलची बाटली होती. उचलून पाहिली, काठोकाठ भरलेली. रात्री झोपताना आक्काने नेहमीसारखी भरून ठेवली होती आणि सकाळी निघताना तशीच सोडून गेली होती.

मी ती टेबलावरच ठेवली आणि दाराला कुलूप लावलं.